उपदाढ काढण्याचा फोर्सेप्स: निवड, पकड, हालचाल आणि निगा

गोव्यात बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला क्लिनिकमध्ये उतरलेले विद्यार्थी, नवे इंटर्न आणि खासगी दवाखान्यात नुकत्याच कामाला लागलेल्या साहाय्यक यांच्यासाठी हा लेख आहे. विषय मुद्दाम लहान ठेवला आहे: उपदाढ, म्हणजे प्रीमोलर काढण्याचा फोर्सेप्स. दाढेचा, अक्कलदाढेचा किंवा मोडक्या मुळांचा विषय आला तर तो याच कामाच्या ओघात. आणि पहिले काही दात शिक्षकांच्या नजरेखालीच काढायचे असतात, वाचून नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

फोर्सेप्स दात ओढण्यासाठी नसतो. त्याची चोच हिरडीखाली मुळावर पाचरीसारखी सरकते, सॉकेट, म्हणजे हाडातला दाताचा खड्डा, थोडं थोडं रुंद करते, दाताला धरून ठेवणारे तंतू तोडते. दात बाहेर घेणं हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. कुंपणाचा खांब उपटताना आपण आधी तो हलवून जमीन सैल करतो, सरळ वर खेचत बसत नाही, तसंच. पुढचा प्रत्येक नियम, निवडीपासून धुण्यापर्यंत, याच एका गोष्टीतून निघतो.

हत्यार ओळखा

फोर्सेप्सचे तीन भाग: हँडल, बिजागरी म्हणजे हिंज, आणि दोन चोची म्हणजे बीक. हँडलवर बाहेरून खाचा असतात, ओल्या हातमोज्यातून ते निसटू नये म्हणून. चोच आतून खोलगट, बाहेरून गुळगुळीत आणि टोकाला पातळ. दाताच्या मानेच्या आकारावर बेतलेल्या चोची ही कल्पना लंडनच्या जॉन टोम्स यांनी 1841 साली मांडली. त्याआधी दातावर आकडा अडकवून पिळणारी ‘की’ वापरत, आणि तिने हिरडीची व हाडाची जी दुर्दशा होई ती सांगायला नको.

भारतातल्या बहुतेक कॉलेजांत इंग्रजी पॅटर्न चालतो. त्यात वरच्या उपदाढांसाठी 7 नंबर आणि खालच्यांसाठी 13 नंबर. अमेरिकन पॅटर्नमध्ये वरचा 150 आणि खालचा 151. हे दोन्ही पुढच्या दातांपासून उपदाढांपर्यंत चालतात. 150ए आणि 151ए खास उपदाढांसाठी. पुढच्या दातांवर त्यांची चोच नीट बसत नाही. नंबर हँडलच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो, पण जुन्या हत्यारावर तो झिजलेला असतो, म्हणून आकारावरून ओळखता यायला हवं.

टेबलावर ठेवून बघा. चोची हँडलच्या साधारण रेषेतच असतील तर फोर्सेप्स वरच्या जबड्याचा. चोची हँडलला काटकोनात वळलेल्या असतील तर खालच्या. वरच्यांमध्ये अगदी सरळ असतो तो पुढच्या दातांचा. बाजूने पाहिल्यावर हलकासा इंग्रजी ‘एस’सारखा बाक दिसतो तो उपदाढांचा, हा बाक नसता तर हँडल खालच्या ओठावर टेकलं असतं आणि चोच दाताच्या अक्षात गेलीच नसती. वरच्या दाढेच्या फोर्सेप्समध्ये डावा-उजवा भेद असतो, कारण त्याच्या एका चोचीला मधोमध टोक असतं आणि ते कायम गालाकडे जातं. उपदाढेच्या फोर्सेप्सच्या दोन्ही चोची सारख्या, म्हणून एकच हत्यार दोन्ही बाजूंना चालतं. खालच्यांमध्ये दोन्ही चोचींना मधे टोक दिसलं तर तो 73, दाढेचा. टोक नाही पण चोची अगदी अरुंद आहेत आणि मिटल्यावर जवळजवळ भेटतात, तर तो 74, मुळांचा. 13 आणि 74 ट्रेवर शेजारी पडले की गफलत हमखास होते. साहाय्यकांनी हे दोन वेगवेगळ्या पाऊचमध्येच ठेवावेत.

चोच मुळाला किती नीट बसते यावर पकड ठरते. मुळापेक्षा चोचीची खोलगट बाजू जास्त रुंद असेल तर ती फक्त मधल्या एका बिंदूवर टेकते. तिथे दाब दिला की दात चिरडतो किंवा फोर्सेप्स घसरतो. थोडी अरुंद असेल तर दोन कडांवर टेकते आणि पकड चांगली बसते. म्हणून शंका असेल तेव्हा थोडी अरुंद चोच घ्यावी. दाढेच्या फोर्सेप्सने उपदाढ काढायचा मोह अगदीच टाळा.

दाताची बाजू

वरची पहिली उपदाढ, 14 आणि 24 (पहिला आकडा जबड्याची बाजू, दुसरा मधून मोजलेली दाताची जागा), या गटातली सगळ्यात दगाबाज. निम्म्याहून जास्त लोकांत तिला दोन मुळं असतात, एक गालाकडे आणि एक टाळूकडे, आणि ती टोकाकडच्या भागात फुटतात. क्राउन, म्हणजे हिरडीबाहेर दिसणारा भाग, साधारण 8.5 मिमी, मूळ 14 मिमी; म्हणजे दिसतं त्यापेक्षा न दिसणारं बरंच जास्त. मुळांची टोकं बारीक असतात. ही उपदाढ पिळायची नाही. पिळलीत तर एक मूळ आत राहणार.

वरची दुसरी, 15 आणि 25, बहुतेक वेळा एकमुळी, जाड आणि बोथट टोकाची, सहसा मोडत नाही. तिची अडचण वेगळी: टोकाच्या वर लगेच मॅक्झिलरी सायनस, म्हणजे वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी, असतो.

खालच्या उपदाढा, 34, 35, 44 आणि 45, एकमुळी आणि निमुळत्या. त्या पिळल्या तर चालतात, उलट पिळूनच सुटतात. पण त्यांच्या मुळांच्या टोकांजवळ मेंटल फोरॅमेन, म्हणजे जबड्याच्या हाडातलं एक भोक, असतं आणि त्यातून ओठाला संवेदना देणारी नस बाहेर येते. मूळ तुटलं म्हणून तिथे एलिव्हेटर, म्हणजे दात-मूळ उचकटून सैल करायचं हत्यार, खुपसत बसलात तर ओठ बधिर राहण्याची जबाबदारी तुमची.

चोच लावण्याआधी

केसपेपर, आयओपीए एक्स-रे (मुळाच्या टोकापर्यंत दाखवणारा लहान एक्स-रे), संमतीपत्र. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, रक्तदाब, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली बिस्फॉस्फोनेट औषधं, याआधी दात काढताना झालेला त्रास, हे सगळं विचारून लिहायचं. यापैकी काहीही असलं तर वरिष्ठांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक्स-रेमध्ये मुळांची संख्या, बाक, रूट कॅनाल झालेला आहे का आणि सायनस किती जवळ आहे ते पाहा. रूट कॅनाल झालेला दात काचेसारखा तडकतो.

त्यानंतर नंबर. उपदाढांच्या बाबतीत चुकीचा दात निघण्याचा धोका खरोखर मोठा आहे, कारण या चौकडीतले बहुतेक निरोगी दात ऑर्थोडॉन्टिस्टच्या चिठ्ठीवरून, तार लावण्यापूर्वी जागा करण्यासाठी काढले जातात. दुखरा दात पेशंट बोटाने दाखवतो. इथे दाखवायला काहीच नसतं. सुळा अजून आलेला नसेल तर पुढून मोजताना पहिली उपदाढ तिसऱ्या जागी येते. दुधाची दाढ पडलेली नसेल तर वेगळाच घोळ. म्हणून पुढून मोजा, मागून मोजा, एक्स-रेशी ताडा, आणि चोच लावण्यापूर्वी साहाय्यकाला नंबर मोठ्याने वाचायला सांगा.

भूल देण्यासाठी 2 टक्के लिग्नोकेन, त्यात 1:80,000 अ‍ॅड्रिनलिन. वर: गालाकडून मुळाच्या टोकाजवळ 1 ते 1.5 मिली, टाळूकडून 0.2 ते 0.3 मिली, टाळूची जागा पांढरी पडली की थांबायचं. खाली ब्लॉक, म्हणजे नसेजवळच भूल देऊन तिचा सगळा भाग बधिर करणं: इन्फिरियर अल्व्हिओलर ब्लॉकला 1 ते 1.5 मिली, लिंग्वलला आणि लाँग बकलला प्रत्येकी 0.5 मिलीच्या आसपास. नुसता मेंटल ब्लॉक दिला तर जिभेकडची हिरडी बधिर होत नाही, आणि पहिली चोच तिथेच जाणार असते. दर वेळी अ‍ॅस्पिरेट करा, म्हणजे औषध सोडण्याआधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते बघा. मग तीन ते पाच मिनिटं थांबा. ब्लॉकनंतर अर्धा ओठ बधिर व्हायलाच हवा. प्रोबने दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. पेशंटला आधीच सांगून ठेवा, दाब कळेल, टोचणार नाही. कोकणी बोलणारे बरेच पेशंट दाबालाही ‘दुखता’च म्हणतात, म्हणून ‘तोपता?’ असं वेगळं विचारलं की नेमकं कळतं.

उभं राहणं आणि धरणं

हे उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी; डावखुऱ्यांनी आरशात पाहावं तसं उलट करावं. वरच्या उपदाढांसाठी खुर्ची मागे झुकवा, वरच्या दातांची पातळी जमिनीशी साधारण 60 अंश आणि पेशंटचं तोंड तुमच्या कोपराच्या उंचीला किंवा किंचित खाली. उभं राहायचं पेशंटच्या उजवीकडे, समोर. खालच्या उपदाढांसाठी खुर्ची सरळ आणि खाली, तोंड उघडल्यावर खालचे दात जमिनीला समांतर. डावीकडच्या खालच्या दातांना समोरून, उजवीकडच्यांना पेशंटच्या उजव्या खांद्यामागून. खुर्ची उंच राहिली की खांदा वर उचलला जातो आणि जोर मनगटातून यायला लागतो. मनगटाचा जोर म्हणजे झटका.

वरच्या फोर्सेप्सला तळहात वर, खालच्याला तळहात खाली. अंगठा बिजागरीच्या जरा मागे, दोन हँडलच्या मधे. किती आवळलं जातंय ते अंगठा ठरवतो. चोच उघडताना करंगळी आतल्या हँडलला लावायची आणि दात धरल्यावर बाहेर काढायची. हात बिजागरीच्या फार जवळ असेल तर जोर मिळत नाही, म्हणून हँडलच्या टोकाकडे धरा.

डावा हात मोकळा ठेवायचा नाही. एक बोट गालाकडे आणि एक टाळूकडे किंवा जिभेकडे ठेवून हाडाला आधार द्यायचा. सॉकेट रुंद होताना त्या बोटांनाच आधी कळतं. खालच्या जबड्यात अंगठा हनुवटीखाली हवाच, नाहीतर तुमचा सगळा दाब पेशंटच्या कानापुढच्या सांध्यावर जातो आणि तो दुसऱ्या दिवशी दात नाही, जबडा दुखतोय म्हणून येतो.

चोच बसवणं

सगळी कला इथे आहे. आधी हिरडीचा कडा मून्स प्रोबने किंवा पेरिऑस्टिअल एलिव्हेटरने दातापासून सगळीकडून सुटा करा. हे टाळलं तर फोर्सेप्स हिरडीही धरून फाडतो. सरळ एलिव्हेटरने दात थोडा हलवून घेतला तर चांगलंच, पण शेजारच्या दाताचा टेकू घेऊ नका.

मग आतली चोच आधी, टाळूकडे किंवा जिभेकडे, डोळ्यांनी नीट बघून. बाहेरची चोच नंतर. बाहेरची बाजू दिसतेच. चुकते ती न दिसणारी. दोन्ही चोची दाताच्या अक्षाला समांतर आहेत का ते पाहा, आणि आवळण्यापूर्वी मुळाकडे ढकला. ढकला म्हणजे ढकलाच: खालच्या दातांवर वरून खाली, वरच्यांवर खालून वर, चोच हिरडीखाली सिमेंटमवर, म्हणजे मुळाच्या बाहेरच्या थरावर, बसेपर्यंत. चमकदार पांढरं एनॅमल चोचीखाली दिसत असेल तर ती अजून क्राउनवरच आहे. क्राउन धरून हलवला की क्राउनच हातात येतो.

उपदाढांमध्ये इथे एक नेहमीची खोट असते. आडवा, जोरात ब्रश मारणाऱ्यांच्या किंवा मिश्री घासणाऱ्यांच्या दातांना मानेपाशी, गालाकडून, पाचरीच्या आकाराची खाच पडते. कधी ती एवढी खोल असते की प्रोबचं टोक त्यात बसतं. अशा दातावर चोच खाचेत टेकली तर दात नेमका तिथेच मोडतो. चोच खाचेच्या पलीकडे, मुळावर जायलाच हवी. जात नसेल तर फोर्सेप्स बाजूला ठेवा आणि वरिष्ठांना बोलवा.

हालचाल

वरची पहिली उपदाढ: मुळाकडे दाब कायम ठेवून गालाकडे हळू झुकवा आणि तिथे मनात पाच मोजेपर्यंत थांबा. मग मधल्या जागेवर, मग टाळूकडे अगदी थोडं. पुन्हा गालाकडे, आधीपेक्षा जरा जास्त. टाळूकडे जोर कमी का, याचं कारण पक्कं लक्षात ठेवा. दात ज्या बाजूला झुकवता त्या बाजूचं मूळ मोडायची शक्यता जास्त. गालाकडचं हाड पातळ असतं, त्यामुळे तिकडचा तुकडा काढणं सोपं. टाळूकडचा तुकडा काढणं म्हणजे वेगळी शस्त्रक्रिया. पिळणं नाही. दात सैल झाला की गालाकडे आणि खाली.

दुसऱ्या वरच्या उपदाढेला गालाकडे-टाळूकडे बऱ्यापैकी सारखा जोर चालतो, शेवटी किंचित पिळही. खालच्यांना गालाकडे, जिभेकडे, मग दोन्ही दिशांना थोडं थोडं पिळणं. त्यांच्यात पिळणंच मुख्य. मात्र एक्स-रेत मुळाचं टोक वाकडं दिसलं असेल तर पिळू नका. 13 नंबरचं हँडल गालाच्या बाजूने आडवं बाहेर येतं, त्यामुळे पिळताना बिजागरीजवळ ओठ चिमटतो का ते साहाय्यकाने बघावं. भूल दिलेल्या ओठाला चिमटा कळत नाही, संध्याकाळी कळतो.

घाई केली की मोडतं, हे बहुतेक वेळा खरं. हाड रुंद व्हायला वेळ लागतो. तरुण ऑर्थो पेशंटचं हाड लवचिक असतं, ते दाद देतं. साठीच्या पेशंटचं ठिसूळ, तिथे थांबण्याचे क्षण वाढवा. दोन-तीन मिनिटं शांतपणे काम करूनही काहीच हलत नसेल तर जोर वाढवणं हा उपाय नाही. चोच खोल बसली आहे का, दिशा बरोबर आहे का, नंबर बरोबर आहे का, हे पुन्हा तपासा.

खालचा दात एकदम सुटला की फोर्सेप्स वर उसळून वरच्या दातांवर आदळतो. शेवटची ओढ कायम गालाकडे घ्या, सरळ वर नको. आणि घशाच्या तोंडाशी गॉज ठेवलेला असावा. निसटलेला दात श्वासनलिकेत गेला तर पुढचा प्रवास मेडिकल कॉलेजमध्ये होतो.

दात निघाल्यावर

लगेच गॉज देऊ नका, आधी मूळ बघा. शाबूत टोक गोलसर आणि गुळगुळीत असतं. मोडलेलं टोक सपाट, धारदार, आणि मधोमध कॅनालचा ठिपका दिसतो. पहिल्या उपदाढेची दोन टोकं मोजा. मोडलेला तुकडा 4-5 मिमीपेक्षा लहान, संसर्ग नसलेला आणि सायनस किंवा नसेला चिकटून असेल तर वरिष्ठ तो तिथेच ठेवायचं ठरवू शकतात. मात्र पेशंटला सांगायचं, केसपेपरवर लिहायचं आणि एक्स-रे काढून ठेवायचा. वरची दुसरी उपदाढ काढल्यावर सायनस उघडला असेल अशी शंका आली तर पेशंटला नाक जोरात शिंकरायला लावून ‘तपासू’ नका. बारीक भोक त्याने मोठं होतं.

सॉकेटच्या दोन्ही बाजू बोटांनी हलक्या दाबून जागेवर आणा. ऑर्थो केसमध्ये हा दाब आणखी हलका, कारण त्याच हाडातून पुढे दात सरकवायचे असतात. गॉज अर्धा तास. 24 तास चूळ जोरात भरायची नाही, थुंकत राहायचं नाही, तंबाखू-सिगरेट-दारू नाही. फेणी हीसुद्धा दारूच, हे वेगळं सांगावं लागतं. पहिल्या दिवशी कोमट पेज पुरते. तिसऱ्या दिवशी अचानक दुखणं वाढलं तर ड्राय सॉकेटची, म्हणजे सॉकेटमधली रक्ताची गुठळी निघून गेल्याची, शंका घ्या आणि बोलवा. ऑर्थोचे दात चवथीच्या तोंडावर काढू नयेत हा आमचा आग्रह. नेवऱ्या आणि चकल्या समोर असताना पथ्य कोणी पाळत नाही.

काढलेला दात आणि रक्ताचं गॉज पिवळ्या पिशवीत; सुई मात्र भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. चांदी भरलेला दात जाळायच्या पिशवीत नको, त्यात पारा असतो.

धुणं, वाळवणं, गोव्याचा पाऊस

रक्त बिजागरीत सुकू देऊ नका. काम झालं की फोर्सेप्स उघडून ओला ठेवा, मग एन्झाइमच्या द्रावणात 5 ते 10 मिनिटं, मग नायलॉन ब्रशने चोचीची आतली बाजू आणि बिजागरी. हायपोमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, भिजवायची सवय असेल तर सोडा. क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. शेवटची धुलाई आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्याने. जांभ्या दगडातल्या बऱ्याच विहिरींच्या पाण्यात लोह असतं, आणि त्या पाण्याचे तांबूस डाग ऑटोक्लेव्हमध्ये भाजून पक्के होतात.

डाग की गंज ते ओळखायचं सोपं आहे: पेन्सिलच्या रबराने घासा. निघून खाली स्टील गुळगुळीत दिसलं तर डाग. खाली खड्डा दिसला तर गंज, आणि तो शेजारच्या हत्यारांनाही लागतो. कोरडं करून बिजागरीला पाण्यात विरघळणारं इन्स्ट्रुमेंट ऑइल. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, त्याच्या थराखाली वाफ पोहोचत नाही.

पाऊचमध्ये फोर्सेप्स उघडा ठेवायचा. ऑटोक्लेव्ह 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटं, किंवा 134 अंशाला किमान 3 मिनिटं. पाऊचमधल्या हत्यारांना मशीनच्या पुस्तिकेत दिलेला जास्तीचा वेळ. जून ते सप्टेंबरमध्ये खरी पंचाईत वाळवण्याची. दार लवकर उघडलं आणि पाऊच ओला बाहेर आला तर तो निर्जंतुक धरायचा नाही, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. वाळवणीचं चक्र पूर्ण होऊ द्या, पाऊच एकावर एक रचू नका, आणि समुद्राकाठच्या दवाखान्यात ते उघड्या फळीवर नव्हे, बंद कपाटात ठेवा. ग्लुटारल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं बुडवून ‘निर्जंतुक’ झालं असं मानणारे अजूनही सापडतात. 2 टक्के द्रावणाला त्यासाठी सुमारे दहा तास लागतात.

महिन्यातून एकदा प्रत्येक फोर्सेप्स मिटवून उजेडासमोर धरा. दोन चोचींची टोकं समोरासमोर येत नसतील, किंवा हँडल धरून हलवल्यावर बिजागरीत आडवं खेळणं जाणवत असेल, तर तो ट्रेवरून काढा. चोचीचं टोक बोथट झालं असेल तर धार लावून घेता येते. खड्डे पडलेला किंवा बिजागरी सैल झालेला फोर्सेप्स दुरुस्तीच्या भानगडीत न पडता भंगारात.